पृथ्वीच्या पोटातली गाठ

भावोजी,

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. या दिवसांत लोक तुमच्याबद्दल पुष्कळ चांगलं बोलले आणि त्यातलं बहुतेक खरं होतं. एक गोष्ट खरी नव्हती. नेमकी तीच जवळजवळ सगळ्यांनी सांगितली, आणि ती खरी नाही याला कारण मी आहे. म्हणून कागद घेऊन बसले.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "एवढं मराठी कोण वाचणार वहिनी? सुम्ने, नुसतं तोंडानं सांगा की." शाळा तुमची कन्नडात, कॉलेज इंग्रजीत, मराठी फक्त पानावर बसल्यावर. बेळगावहून माझ्या भावाचं पत्र आलं की मी मोठ्याने वाचून दाखवायचे आणि तुम्ही मध्येच एखाद्या शब्दापाशी अडवून अर्थ विचारायचात. तोंडाने सांगायला मला पस्तीस वर्षं मिळाली होती. तेवढ्यात झालं नाही, ते आता लिहून होतंय का बघते.

तुमचा विषय मला लग्न होऊन आल्यावर पहिल्या आठवड्यातच कळला, कारण तुम्हाला दुसरं काही बोलताच येत नव्हतं. हे मंडी मोहल्ल्यात दुकानात कोट शिवायचे, संध्याकाळी घरी आले की त्यांना गिऱ्हाइकांच्या गप्पा सांगायच्या असायच्या. आणि तुम्ही, धाकटा भाऊ, कॉलेजात भूगर्भशास्त्राचे नवे लेक्चरर, आमटी वाढायच्या आत आम्हाला स्वीडन आणि फिनलंडच्या मधल्या आखातावर नेऊन सोडायचात. तिथे हजारो वर्षांपूर्वी किलोमीटरच्या किलोमीटर जाडीचं बर्फ होतं. त्याच्या वजनाने जमीन खाली दबली. मग बर्फ वितळून गेलं, आणि दबलेली जमीन वर यायला लागली, ती अजूनही येतेच आहे. शंभर वर्षांत माणसाच्या कमरेएवढी. जुन्या कोळ्यांची बंदरं आता शेतात पडलेली आहेत. तिथल्या लोकांना कित्येक पिढ्या वाटायचं की समुद्रच ओसरतोय.

"गम्मत काय, गोत्ता वहिनी, माहीत आहे?" असं म्हणून तुम्ही घास हातात तसाच ठेवायचात. "पृथ्वीच्या आत कुणी जाऊन बघू शकत नाही. पण वरचं वजन काढलं की ती किती सावकाश वर येते ते मोजायचं. तेवढ्यावरनं आतलं किती दाट आहे ते समजतं. अष्टे, एवढंच."

"आत दगड आहे ना?" मी विचारलं होतं.

"दगडच. पण त्याला हजार वर्षं द्या, तो वाहतो."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि तुमच्या पानात भात वाढला. त्यांना मुलगा बरा आहे ना, एवढीच काळजी होती.

तुम्ही ते बर्फ कधी पाहिलं नाहीत. तो समुद्रही नाही. चामराजपुरमच्या घरातल्या मागच्या खोलीत बसून, लायब्ररीतून आणलेल्या मासिकांमधले दुसऱ्यांनी मोजलेले आकडे उतरवून घेऊन तुम्ही पृथ्वीच्या पोटाचा हिशेब मांडत होतात. मला याचं तेव्हाही नवल वाटायचं आणि आजही वाटतं. पण नवल वाटतं असं मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही आणखी तासभर बोलला असतात.

माझ्या नोकरीबद्दलही मी तुमचे आभार मानले नाहीत. नजरबादला सरकारी मोजणीच्या ऑफिसात ट्रेसर म्हणून, आराखडे गिरवायला, माझी निवड झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, घरातली सून बाहेर जाऊन चित्रं काढणार नाही. हे जेवत राहिले. तुम्ही पानावरून उठून म्हणालात, "चित्रं नव्हेत अम्मा, नकाशे. आणि त्यांच्यासारखा हात माझ्या डिपार्टमेंटात एकाला नाही." तुम्ही तोवर माझी एकच रेघ पाहिली होती, तुळशीपुढच्या रांगोळीतली. त्या वाक्यावर मी तीस वर्षं नोकरी केली. आमची सुमा लहान असताना दुपारी कॉलेज सुटल्यावर तिला सांभाळलंत तेही तुम्हीच. लग्न तुम्ही केलं नाहीत, आणि त्या विषयावर घरात कुणाला बोलू दिलं नाहीत.

आता मुद्द्यावर येते.

सुमा पोटात होती ते दिवस. तिकडच्या एका अभ्यासकाला तुम्ही पत्रामागून पत्रं धाडली होतीत आणि शेवटी त्याने स्वतःच्या हाताने उतरवून एक तक्ता पाठवला. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत एका ओळीत रोवलेल्या एकेचाळीस दगडांची उंची. एकदा मोजलेली, आणि काही दशकांनी पुन्हा मोजलेली. ते पाकीट तुम्ही फोडलं नाहीत. जसंच्या तसं माझ्यासमोर ठेवलंत.

"मी बघितलं की मला पाहिजे तेच दिसणार," तुम्ही म्हणालात. "तुम्ही वजाबाकी करा, तक्ता करा, कर्व्ह काढा. तुमच्या मनात काही नाही, अल्वा?"

मला थोडा राग आला होता. माझ्या मनात काही नाही म्हणजे काय! पण अभिमानही वाटला. तुम्हाला काय पाहिजे होतं ते मला सांगायचं नाही असं तुम्ही मुद्दाम ठरवलं होतं. बाईचा हात कोरा राहावा म्हणून. तुमची ही पद्धत मला नंतर समजली, आणि ती चांगलीच पद्धत होती. फक्त तिच्यात एक भोक होतं. माझ्या मनात काही नाही असं तुम्ही धरून चाललात. माझ्या मनात नजरबादचं ऑफिस होतं.

आमच्या ऑफिसात मोजणीदार एका पक्क्या दगडापासून निघतो, उंच्या मोजत मोजत जातो आणि शेवटी पुन्हा एका पक्क्या दगडावर येऊन पोचतो. तिथे आल्यावर आकडा जुळला पाहिजे. सहसा जुळत नाही, बोटभर फरक राहतोच. त्याला क्लोजिंग एरर म्हणतात. मग त्या फरकाचं काय करायचं? तो वाटून टाकायचा. सगळ्या ओळीवर, अंतराच्या प्रमाणात, थोडा इथे थोडा तिथे, म्हणजे शेवटचा आकडा बरोबर बसतो. आमचे हेड ड्राफ्ट्समन नव्या माणसाला पहिल्या दिवशी एवढंच शिकवायचे: दगड हलत नाही, माणूस चुकतो. मी हे काम दिवसाला दहा वेळा करत होते. मला त्यात विचार करावा लागत नव्हता.

तीन रविवार लागले. जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवलं होतं, पाय सुजलेले, पायाखाली पाट. जमीन वर येते हे मला तुमच्या कृपेने पाठ होतं, त्यामुळे उत्तरेकडचे दगड वीत-दीड वीत वर आलेले बघून मला काही वाटलं नाही. दक्षिणेकडे जाता जाता वाढ कमी कमी होत गेली, तेही ठीक. पण शेवटचे नऊ दगड वजा येत होते. बोटाच्या पेरापेक्षाही कमी, पण वजा. ते दगड बर्फाच्या कडेच्याही बाहेरचे. तिथे बर्फाचं वजनच नव्हतं, मग तिथे काय हलणार? मला वाटलं, मोजणीदाराचा फरक राहिलाय आणि या लोकांनी तो वाटलेला नाही. परदेशी लोक असून एवढं साधं राहून गेलं याची मला मौजही वाटली.

मी तो वाटून टाकला. शेवटचा दगड शून्यावर आणला आणि बाकीचा फरक मागे मागे सरकवत नेला. कर्व्ह सुरेख आला. वरून खाली उतरत उतरत शून्याच्या रेघेला हलकेच टेकला. काळी शाई, दोन जाडीच्या रेघा, अक्षरं स्टेन्सिलने. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या कामांपैकी ते एक होतं असं मला बारा वर्षं वाटत होतं.

तुम्ही खिडकीशी उभे राहून तो तक्ता बघितलात. कॉफी निवली. मग म्हणालात, "कडा बुडत नाहीत."

"म्हणजे?"

"काही नाही. माझं चुकलं होतं." आणि हसलात. मला ते हसणं आठवतंय कारण त्यात वाईट वाटल्याचं काही दिसलं नाही. उलट जरा हलके झाल्यासारखे दिसलात. तुमचा अंदाज काय होता ते मग सांगितलंत. आतला दगड खूप खोलपर्यंत वाहत असेल, तर बर्फाने मधली जमीन दाबली तेव्हा बाजूची जमीन फुगून वर आली असणार, आणि आता मधली वर येताना ती बाजूची खाली बसत असणार. बाहेरच्या कडा बुडताना दिसायला पाहिजेत. दिसल्या नाहीत. तुमचा लेख जवळजवळ तयार होता. तो तुम्ही फाडलात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन पोरांना सांगितलंत की काल माझं दोन वर्षांचं मत एका तक्त्याने पाडलं, आणि शास्त्र म्हणजे हेच.

हीच ती गोष्ट. तुमच्या शोकसभेत सहा जण बोलले, त्यातल्या पाच जणांनी ही सांगितली. आकडे आले की आपलं मत खाली ठेवावं हे आम्ही मेष्ट्रूंकडून, आमच्या मास्तरांकडून, शिकलो, असं डोळे पुसत सांगितलं. मी पहिल्या रांगेत बसले होते. सुमाने माझा हात धरला होता. तिला वाटलं मला भरून आलंय.

पण तुम्ही तिथेच थांबला असतात तर निदान नुकसान तेवढंच राहिलं असतं. काही वर्षांनी मासिकांतून यायला लागलं की दुसऱ्या ठिकाणी कडा बुडताना दिसतायत. तुम्ही ते मासिक घेऊन घरी आलात. मला वाटलं आता म्हणाल, बघा, माझंच बरोबर होतं. तुम्ही म्हणालात, "मग आपल्या ओळीवर का बुडत नाहीत?" आपल्या ओळीवर! जसे काही ते एकेचाळीस दगड तुम्ही आणि मी मिळून रोवले होते. आणि मग तुम्हीच उत्तर काढलंत. त्या ओळीच्या दक्षिण टोकाखाली, खूप खोल, आतला दगड जास्त दाट असला पाहिजे. वाहत नसला पाहिजे. एक गाठ.

त्या गाठीवर तुम्ही वीस वर्षं घालवलीत. आधी स्लाइड रूलवर, मग कॅल्क्युलेटरवर, मग कॉलेजात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासमोर खुर्ची घेऊन. तिचा आकार काय, ती किती खोल, ती तिथे आली कशी. कागदांचे गठ्ठे खोलीत मावेनात तेव्हा यांनी दुकानातली कापडाची दोन कपाटं तुम्हाला दिली. जेवताना विषय गाठीचा. मी चेष्टेने विचारायचे, "आज कशी आहे तुमची गाठ?" आणि तुम्ही घरात कुणी आजारी असावं तशा गांभीर्याने सांगायचात, "स्वल्प मोठी झाली."

मला कळलं ते सुमा सातवीत असताना. संक्रांतीला मंड्याहून काकवी आली होती. सुमाला शाळेत काहीतरी सांगायचं होतं म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात परात मागितलीत. परातीत काकवी ओतलीत आणि मधोमध वाटी दाबून धरलीत. "हे बर्फ," तुम्ही म्हणालात. वाटी खाली गेली तशी तिच्या कडेने काकवी वर आली. "बघ सुमा, बाजूला फुगलं. आता बर्फ गेलं." वाटी उचललीत. मधला खळगा सावकाश भरत आला, आणि कडेचा फुगवटा बसत गेला. जिथे वाटी कधी टेकलीच नव्हती तिथे.

मी पुरणाचं पातेलं हलवत होते. हात थांबला. तुम्ही हे तोंडाने मला शंभर वेळा सांगितलं होतं आणि मी शंभर वेळा मान हलवली होती. डोळ्यांनी बघितल्यावर ते नऊ दगड आठवले.

मूळ कागद माझ्या ड्रॉइंगच्या पेटीत होता. तुम्ही टाकून द्या म्हणाला होतात. मी टाकला नव्हता, मूळ कागद टाकायची सवय नाही. दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर गेल्यावर बसून पुन्हा वजाबाकी केली. वजा, वजा, वजा. नऊच्या नऊ. एकसुद्धा अधिक नाही. माणूस चुकला तर कधी इकडे चुकतो कधी तिकडे. नऊ दगड एकाच बाजूला ओळीने वाढत वाढत चुकत नाहीत. हे मला तेव्हाही दिसायला पाहिजे होतं. पृथ्वीच्या पोटात गाठ नव्हती, भावोजी. ती मी ठेवली होती, तीन रविवार बसून.

यांना सांगितलं. तुम्हाला तुमचा भाऊ माहीतच आहे. कोटाचं कापड चुकीचं कापलं गेलं तर गिऱ्हाइकाला बोलावून तोंडावर सांगणारा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुईत दोरा ओवला आणि म्हणाले, "राहू दे. तो त्या गाठीवर जगतोय." मी त्या सल्ल्याला धरून बसले. मला तेच ऐकायचं होतं.

पण सगळं यांच्यावर ढकलणं बरोबर नाही. खरं कारण लाजिरवाणं आहे. तुम्ही सगळीकडे सांगत होतात की वहिनींच्या हातचा कागद पुन्हा तपासावा लागत नाही. कॉलेजातले इतर लोकही मला कामं देऊ लागले होते, ऑफिसात मान होता. मला माझा हात प्रिय होता. तुमच्या वीस वर्षांपेक्षा जास्त प्रिय होता, असं आता लिहून बघते तर तसंच दिसतं.

मी अगदीच गप्प होते असंही नाही. आडून आडून सुरुवात करायचे. "भावोजी, समजा तक्त्यातच काही राहिलं असेल तर?" तुम्ही चिडायचात. "आकडे आपल्याला आवडत नाहीत म्हणून त्यांच्यावर संशय घ्यायचा? हेच तर करायचं नाही वहिनी!" किती वेळा झालं हे भांडण. प्रत्येक वेळी तुम्ही माझ्या तक्त्याच्या बाजूने माझ्याशी भांडलात. मला हसूही यायचं आणि रडूही, आणि दोन्ही करायची सोय नसायची.

शिवण्णाचा दिवस मात्र मी विसरू शकत नाही. तुमचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, घरचाच झाला होता. तुम्ही त्याला पीएचडीला गाठच दिलीत. चार वर्षं तो शोधत राहिला आणि एका संध्याकाळी येऊन समोरच्या खोलीत उभ्यानेच म्हणाला, "सर, तिथे गाठ नाही. तक्ता चुकीचा असणार."

"चूक दाखव."

"मूळ कागद द्या, दाखवतो."

"वहिनींनी केलंय ते," तुम्ही म्हणालात. "मूळ बघायची गरज नाही."

मी दारात कॉफीचे पेले घेऊन उभी होते. माझी पेटी आतल्या खोलीत, दहा पावलांवर. शिवण्णाने माझ्याकडे बघितलं. त्याला काही माहीत नव्हतं, नुसतं बघितलं. मी पेले टेबलावर ठेवले आणि आत गेले. तो न पिताच निघून गेला, आणि त्यानंतर तीस वर्षं या घरात आला नाही. तुम्ही त्याचं नाव काढायचं सोडलंत. पण दर दसऱ्याला, पूर्वी तो आईला घेऊन भेटायला यायचा त्या वेळी, तुम्ही व्हरांड्यात पेपर घेऊन बसायचात आणि पान उलटायचं विसरायचात. मी आतून बघत होते. मला लाज वाटत होती, आणि मी तरी गप्प राहिले. याला मी आज कुठलंही चांगलं नाव देऊ शकत नाही.

हे गेले तेव्हा शेजारच्या बाई समजूत काढायला आल्या होत्या. त्यांना बर्फाचं आणि जमिनीचं तुमच्याकडून ऐकून माहीत होतं, म्हणून म्हणाल्या की ओझं गेलं की जमीनसुद्धा वर येते, तुमचंही मन येईल. तुम्ही कोपऱ्यातून एकदम तडकलात. "दगडाचं दगडापाशी राहू द्या हो!" त्या बिचाऱ्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. मला त्या दिवसात पहिल्यांदा हसू आलं. म्हणून आज मीही तसलं काही लिहीत नाही. वजन, उठणं, सावकाश भरून येणं, यातलं काही माझ्याबद्दल नाही. ते स्वीडनबद्दल आहे.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी ठरवून गेले होते. सुमा औषधं आणायला खाली गेली तेव्हा खुर्ची जवळ ओढली आणि म्हटलं, "भावोजी, ती गाठ नसेलच तर?" तुम्ही पांघरूण नीट केलंत. मग म्हणालात, "होगली बिडी, वहिनी." जाऊ द्या. आणि विचारलंत, सुमाने जेवण केलं का. जाऊ द्या म्हणजे काय जाऊ द्या, हे मी विचारायला पाहिजे होतं. तुम्हाला कधी शंका आली होती का, आणि माझ्यासाठी तुम्ही ती गिळलीत का, हा प्रश्न मला रोज पडतो. आली नसावी. आली असती तर तुम्ही मूळ कागद मागितला असतात. तुम्ही तसेच होतात. तरी मी खात्रीने सांगू शकत नाही. मी म्हटलं, "हो, जेवली."

शोकसभेला शिवण्णा आला होता. मागच्या रांगेत बसला. आता तोही रिटायर झालाय, केस सगळे पांढरे. तो बोलायला उभा राहिला नाही. दुसऱ्या दिवशी घरी आला, तुमच्या फोटोला हार घालून समोरच्या खोलीत बसला, जिथे तेव्हा उभा होता तिथेच. मी पेटी आणली. मूळ कागद आणि माझा तक्ता, दोन्ही त्याच्यासमोर ठेवले आणि कन्नडात सगळं सांगून टाकलं. फरक कसा वाटला तेही सांगितलं. तो दोन्ही कागदांवरून बोट फिरवत शेवटच्या नऊ दगडांपर्यंत आला.

"अम्मा," तो म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही इथेच उभ्या होतात."

"हो."

"पेटी आत होती?"

"हो."

मला वाटलं होतं तो रागावेल किंवा समजून घेईल. त्याने दोन्ही केलं नाही. ते कागद आणि तुमच्या जुन्या वह्या मागून घेतल्या आणि गेला.

परवा परत आला. तुम्ही फाडलेल्या लेखाची रीत त्याला तुमच्या जुन्या वहीत सापडली होती, ती त्याने मूळ आकड्यांना लावून बघितली. म्हणाला, आता वरून उपग्रहांनी मोजतात, आणि सगळ्या कडा बुडताना दिसतात. तुमच्या रीतीने येणारा दाटपणा आजच्या पुस्तकांतल्या दाटपणाच्या अगदी जवळ येतो. मग त्याने माझा तक्ता माझ्यापुढे ठेवला आणि सांगितलं की मेष्ट्रूंचे कागद कॉलेजात जपून ठेवणार आहेत, त्यात हाही जाईल, आणि तो असाच जाता कामा नये. खाली तुम्ही लिहून द्या.

सुमा म्हणाली, आईचा हात थरथरतो, मी लिहिते. मी नाही म्हटलं. रेघा ओढायचं रूलिंग पेन आता धरवत नाही, साध्या पेनने लिहिलं. अक्षर वाकडं आलं आहे. "शेवटच्या नऊ दगडांची घट खरी आहे. ती चूक समजून मी काढून टाकली. ही गोष्ट ज्यांच्यासाठी तक्ता केला त्यांना मी कळवली नाही." खाली सही केली, पूर्ण नावाने. शिवण्णाने शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला. जाताना त्याने कॉफी घेतली.

तो गेल्यावर मी तुमच्या खोलीत येऊन बसले. तुमची कपाटं उघडीच आहेत, वीस वर्षांचे गठ्ठे तसेच. या सगळ्याचं काय करायचं ते मला माहीत नाही.

कडा बुडत होत्या, भावोजी. पहिल्यापासून तुमचंच बरोबर होतं. आता रागवा माझ्यावर. मी ऐकते आहे.